गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रयोगशाळेतील पूर्वनिदान

गर्भाशयमुखाच्या अस्तरातील विकृत पेशींपासून कर्करोग होण्यास सामान्यतः 15 ते 20 वर्षे लागतात. या काळात स्त्रीला बहुधा कोणताही त्रास होत नाही, त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता निरोगी वाटणाऱ्या स्त्रियांचीच तपासणी करावी लागते.

या तपासणीची जुनी पद्धत म्हणजे पॅप चाचणी होय. जॉर्ज पापानिकोलाऊ व हर्बर्ट ट्राउट यांनी 1941 मध्ये तिचे निष्कर्ष मांडल्यावर ती जगभर रूढ झाली. गर्भाशयमुखाच्या ज्या भागात दोन प्रकारची अस्तरे एकमेकांना भिडतात, तेथे चपटी काडी किंवा ब्रश फिरवून पेशी घेतात, काचपट्टीवर पसरतात आणि पट्टी तत्काळ 95 टक्के एथिल अल्कोहोलमध्ये बुडवतात. येथे थोडीही दिरंगाई चालत नाही. पट्टी हवेत वाळली की पेशींची केंद्रके फुगलेली व फिकट दिसतात आणि तिचे वाचन भरवशाचे राहत नाही. रंगवलेल्या पट्टीत मोठे, गडद, वेड्यावाकड्या कडांचे केंद्रक हे विकृतीचे चिन्ह मानतात, तर केंद्रकाभोवतीचे मोकळे वलय विषाणूसंसर्ग सुचवते. एकाच तपासणीत विकृती निसटू शकते, म्हणून ही चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करतात.

हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने 1983-84 मध्ये या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचे 16 व 18 हे प्रकार शोधले. सुमारे 70 टक्के रुग्णांत हेच दोन आढळतात. त्यामुळे पेशींऐवजी विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी शक्य झाली. तिचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातला आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांच्या अभ्यासात, केवळ एकदा एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत प्रगत कर्करोग व मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे राहिले. चाचणी नकारार्थी आलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोगाचे प्रमाण एचपीव्ही गटात वर्षाला लाखामागे 3.7, तर पॅप चाचणी झालेल्या गटात 15.5 होते. हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो, हा ग्रामीण भागात मोठाच लाभ आहे.

होकारार्थी निष्कर्ष म्हणजे कर्करोग नव्हे, हे स्त्रीला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. तरुण वयातील बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे तिशीपासून, दर 5 ते 10 वर्षांनी ही चाचणी सुचवते. निष्कर्ष होकारार्थी आल्यास आवश्यकतेनुसार कॉल्पोस्कोपने (गर्भाशयमुख मोठे करून दाखवणाऱ्या उपकरणाने) पाहून संशयास्पद जागेचा तुकडा बायॉप्सीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी, घेतात आणि विकृती अस्तराच्या किती थरांपर्यंत पोहोचली आहे, यावरून उपचार ठरवतात.