फुटबॉलमधील व्यूहरचना व स्ट्रायकरची निवड

गोलरक्षक वगळता संघातील दहा खेळाडूंची मैदानावरील मांडणी म्हणजे व्यूहरचना (फॉर्मेशन). ती बचावफळीपासून आघाडीकडे आकड्यांत सांगतात, उदा. ४-४-२, ४-३-३.

२-३-५ या ‘पिरॅमिड’ रचनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तिचे श्रेय केंब्रिज विद्यापीठाच्या संघाला देतात, तर काही १८७८ च्या वेल्श चषकाच्या अंतिम सामन्यात खेळलेल्या रेक्सहॅमला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ते एका ठरावीक सामन्याशी जोडलेले आहे. मात्र ही रचना एकाच संघाने शोधण्याऐवजी अनेक ठिकाणी हळूहळू घडली असणे अधिक संभवते. प्रेस्टन नॉर्थ एंडने १८८८-८९ ची इंग्लिश लीग अपराजित राहून जिंकली, तोपर्यंत ती रुळली होती. १९२५ मध्ये ऑफसाइडचा (आक्रमकाला प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ आधीच थांबून राहू न देणारा) नियम बदलला. आक्रमक व गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरेसे ठरले आणि गोलांची संख्या वाढली. त्यावर उपाय म्हणून मधल्या फळीतील सेंटर हाफला बचावात ओढण्यात आले. ‘डब्ल्यू-एम’ नावाची ही रचना आर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन यांच्या नावावर असली, तरी इतर संघही त्याच सुमारास असे प्रयोग करत होते.

आधी व्यूहरचना ठरवायची आणि मग तिला साजेसा स्ट्रायकर (गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेला आघाडीचा खेळाडू) निवडायचा, हा क्रम इतिहासात नेहमी टिकलेला दिसत नाही. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले. हंगेरीचा नांदोर हिदेगकुटी हा सेंटर फॉरवर्ड (आघाडीचा मधला खेळाडू) मागे सरकून खेळला, त्यामुळे त्याच्यावरील बचावपटूला जागा सोडावी की राखावी हेच कळेना. हिदेगकुटीने तीन गोल केले. पुढे ‘फॉल्स नाइन’ म्हणून ओळखली गेलेली भूमिका हीच. याउलट पाठीवर बचावपटू झेलत चेंडू धरणारा उंच स्ट्रायकर दोन्ही बगलांवरून क्रॉस (गोलसमोर टाकलेले चेंडू) येत असले तर अधिक उपयोगी पडतो. बचावफळीमागे धावणाऱ्या चपळ खेळाडूला मात्र मोकळी जागा आणि वेळेवर पास लागतो.

भारतीय उदाहरण विशेष बोलके आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर मिळालेल्या २-१ विजयातील एक गोल त्याचाच होता.

सोलापुरात निवडीला जमीन व हवामानाचीही मर्यादा असते. काळी माती पावसात चिकट होते, वाळल्यावर टणक होते. अशा टणक जमिनीवर चेंडू उंच उसळतो, तेव्हा तो छातीवर किंवा मांडीवर थोपवता येणे हा स्ट्रायकरचा पहिला गुण मानावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. त्या उन्हात एकट्या स्ट्रायकरने सतत प्रेसिंग (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून दबाव टाकणे) करणे जिकिरीचे असते, म्हणून दोघांत धाव वाटणारी ४-४-२ अधिक सोयीची. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या काळात शहरातील होम मैदान खेळासाठी मोकळे नसते.