हाक मारली ‘पाटील’, वळलं अख्खं गाव

आमच्या बेळगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नवीन बॅच आली की पोरं एक चूक हटकून करायची. सरावाच्या वेबपानावर दोन चौकटी आहेत. वरच्या चौकटीत मी लिहिलेला नमुना, खालच्या चौकटीत त्यांनी लिहायचं. दोन्ही अगदी सारख्या दिसायच्या, त्यामुळे उचगाव-कडोलीपासून खानापूरपर्यंतची सगळी मंडळी इमानेइतबारे माझा नमुना खोडून त्याच्यावरच आपला प्रोग्राम लिहायची. वैतागून मी वरच्या चौकटीला कुलूप घातलं. वाचा, पण टाइप करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी चौघांची तक्रार: ‘सर, कीबोर्ड बंद पडलाय की ओ!’

मग ठरवलं की वरची चौकट पांढरी ठेवायची आणि खालची काळी करायची. रंग बघूनच कळेल कुठे लिहायचं ते. अशा चौकटींना ‘एडिटर’ म्हणतात आणि त्यांच्या रंगांच्या तयार पोशाखाला ‘थीम’. मी वापरत होतो तो एडिटर म्हणजे मोनॅको. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायची जी जागा असते, तीच वेगळी काढून कुठल्याही वेबपानात बसवता येते. वरच्याला हलकी थीम, खालच्याला गडद, अशा दोन ओळी लिहिल्या आणि पान उघडलं. दोन्ही चौकटी काळ्या! ओळींची अदलाबदल केली, तर दोन्ही पांढऱ्या. जो शेवटी बोलेल त्याचं खरं. मागच्या बाकावरच्या एकाने स्वतः करून पाहिलं आणि निकाल दिला, ‘खालचं काळं केलो तर वरचं पन काळं झालं की सर.’

हे असं का होतं ते समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रोग्रामच्या फाइलमध्ये रंग नसतोच. फाइल म्हणजे निव्वळ अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं. पडद्यावर निळे-हिरवे-नारिंगी दिसणारे शब्द एडिटर त्या क्षणी रंगवत असतो. आधी तो ओळ वाचून तिचे तुकडे पाडतो. हा भाषेचा राखीव शब्द, हे नाव, हा अंक, हे अवतरणचिन्हांतलं वाक्य, ही टिपणी (म्हणजे माणसाला समजावं म्हणून लिहिलेलं, कॉम्प्युटरने सोडून द्यायचं वाक्य). शाळेत आपण वाक्यातली नामं आणि क्रियापदं अधोरेखित करायचो, तसंच. मग प्रत्येक तुकड्याभोवती एक अदृश्य वेष्टन गुंडाळून त्यावर चिठ्ठी लावली जाते. कुठला रंग द्यायचा हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. तिथे फक्त नाव असतं. कुठल्या नावाला कुठला रंग, हे सीएसएस नावाची दुसरी नियमावली ठरवते.

घोटाळा होतो तो इथे. सीएसएसची कल्पना होकोन विउम ली यांनी 1994 मध्ये मांडली आणि तिचं पहिलं प्रमाणरूप 1996 मध्ये आलं. तेव्हा एक पान म्हणजे एक लेख. एकाच पानात चार वेगवेगळी यंत्रं नांदतील असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे नियम लिहिला की तो अख्ख्या पानाला लागू होतो. आमच्याकडच्या एखाद्या खेड्यात बसस्टँडवर उभं राहून ‘ओ पाटील!’ अशी हाक मारून बघा. निम्मं गाव वळतं. ‘पाटील या नावाच्या प्रत्येकाला लाल फेटा’ असा नियम काढला तर सगळ्याच पाटलांच्या डोक्यावर लाल फेटा येणार, मग मनात कुणीही असो.

यावरचा उपाय बेळगावच्या पोस्टमनला फार आधीपासून ठाऊक आहे. नावाआधी गल्ली विचारायची. ‘मारुती गल्लीतले पाटील’ म्हटलं की कडोलकर गल्लीतले पाटील निवांत बसतात. एस नावाचा एडिटर अगदी हेच करतो. एखाद्या चौकटीला मोनोकाई थीम दिली की तो त्या चौकटीच्या दारावर ‘एस-मोनोकाई’ अशी पाटी लावतो, आणि त्या थीमचा प्रत्येक नियम ‘एस-मोनोकाई पाटीच्या आत असलेला राखीव शब्द’ अशा पत्त्याने सुरू होतो. शेजारच्या चौकटीवर वेगळी पाटी असेल तर हे नियम तिथे पोचतच नाहीत. एका पानावर दहा चौकटी आणि दहा थीम ठेवा, कुणी कुणाच्या अंगणात येत नाही. कोडमिरर नावाच्या आणखी एका एडिटरच्या जुन्या आवृत्त्यांतही हीच पद्धत होती. 2022 मध्ये स्थिर झालेली सहावी आवृत्ती आणखी एक पाऊल पुढे गेली. ती नावं माणसावर सोडतच नाही, प्रत्येक थीमसाठी स्वतःच नवीन नाव तयार करते. त्या नावाच्या सुरुवातीला ठिपका असलेलं एक ग्रीक अक्षर असतं. हाताने लिहिताना कुणी ते अक्षर वापरायची शक्यता जवळपास शून्य, म्हणून टक्कर होत नाही.

मग मोनॅको बनवणाऱ्यांना एवढं साधं सुचलं नाही का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्यांची अडचण चिठ्ठ्यांच्या पातळीवर नाही, त्याच्या बरीच खाली आहे. व्हीएस कोडमध्ये लाखभर ओळींची फाइलही उघडली जाते. प्रत्येक तुकड्याची माहिती ऐसपैस साठवली तर मेमरी बघता बघता भरते. म्हणून 2017 च्या सुमारास त्यांनी प्रत्येक तुकड्याची सगळी ओळख एकाच 32 बिटांच्या, म्हणजे 0 किंवा 1 लिहायच्या 32 घरांच्या, संख्येत कोंबली. भाषा कुठली, तुकडा कुठल्या जातीचा, अक्षर ठळक की तिरपं, मागचा रंग कुठला, सगळं त्यातच. त्यांतले 9 बिट अक्षराच्या रंगासाठी, म्हणजे 512 रंगांना पुरतील इतके क्रमांक. तुकडे पाडतानाच थीमला विचारून हा क्रमांक ठरतो आणि संख्येत जाऊन बसतो. कुठला क्रमांक म्हणजे कुठला रंग, याची खातेवही पूर्ण पानासाठी एकच. थीम बदलणे म्हणजे ती खातेवही बदलणे. साहजिकच तिच्यावर चालणाऱ्या सगळ्या चौकटी एकदम रंग पालटतात.

यावर मी एक शहाणपणा करून पाहिला. म्हटलं, आपणच गल्लीचा पत्ता जोडून खालच्या चौकटीसाठी वेगळे नियम लिहू. पार्श्वभूमी झाली काळी. शब्दांपाशी मात्र गाडी अडली. हलक्या थीममध्ये ज्या दोन प्रकारच्या शब्दांना एकच रंग असतो, त्यांना क्रमांकही एकच मिळतो. मग गडद चौकटीत त्यांना वेगळे रंग द्यायचे म्हटलं तरी कसे देणार? फरक आधीच पुसला गेलेला. हे लक्षात यायला माझा एक रविवार गेला.

मोनॅकोच वापरायचा असेल तर खात्रीचा मार्ग म्हणजे आयफ्रेम. पानाच्या आत दुसरं स्वतंत्र पान. त्याची नियमावली वेगळी, खातेवही वेगळी. एका घरात भांडण मिटत नाही म्हणून भावाने पलीकडे वेगळं घर बांधावं तसं. भांडण मिटतं, पण चूल, नळ, मीटर सगळं दोनदा घ्यावं लागतं. एडिटरही पुन्हा नव्याने सुरू होतो आणि तेवढी मेमरी खातो. क्लासमधल्या आमच्या जुन्या मशिनी दोन घरांचा संसार ओढू शकल्या नसत्या, म्हणून मी मोनॅकोला नमस्कार केला आणि एसकडे गेलो.

पाचच मिनिटांत वरची चौकट पांढरी, खालची काळी. पण आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला, कारण माझ्या नमुन्यात टिपण्या मराठीत असतात. एस बहुतेक वेळा असं धरून चालतो की प्रत्येक अक्षराची रुंदी ठरलेली आहे. चौकटीच्या वहीत अंक मांडावेत तशी. इंग्रजी कोडला हे चालतं. पण ‘क्षेत्रफळ’ लिहिताना क्, ष, त्र, मात्रा हे सगळे एकमेकांच्या खांद्यावर बसतात, आणि कॉम्प्युटर मोजतो त्यापेक्षा शब्द वेगळ्याच जागेत मावतो. मग कर्सर दिसतो एकीकडे आणि अक्षर उमटतं दुसरीकडे. कन्नड लिपीचीही तीच गत, माझ्या क्लासमधली निम्मी पोरं दोन्ही लिहितात. ठळक अक्षरांची थीम निवडली तर आणखी मजा, कारण काही फॉन्टमध्ये ठळक अक्षर साध्यापेक्षा रुंद असतं. थीमला आपण नुसते रंग समजतो, ती अक्षरांची जागाही हलवू शकते. कोडमिरर अक्षराची जागा ब्राउझरलाच विचारतो, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी. शेवटी मुक्काम तिथेच झाला.

इथवरचं सगळं यंत्राचं होतं. पुढची गोष्ट डोळ्यांची आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते.

फ्रान्सच्या गोबेलँ विणकामशाळेत मिशेल शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून रंगविभागाचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा रंग फिका बसतो. शेव्ह्रल यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे काळा धागा डोळ्यांना फिका भासत होता. 1839 मध्ये त्यांनी याचा नियमच मांडला: रंग कसा दिसेल हे त्याचा शेजार ठरवतो. वडगाव-खासबागेतल्या मागवाल्यांना यात नवल वाटणार नाही. तोच मोरपंखी धागा पिवळ्या जमिनीवर एक दिसतो, गर्द वांगी जमिनीवर दुसराच, हे साडी घ्यायला आलेली कुठलीही मावशी पदर उलगडूनच सांगेल.

म्हणून हलक्या थीमचे रंग उचलून काळ्या जमिनीवर ठेवले तर ते चालत नाहीत. पांढऱ्यावर ठसठशीत दिसणारा गडद निळा काळ्यावर बुडून जातो. ईथन स्कूनोव्हर यांनी 2011 मध्ये केलेली सोलराइज्ड थीम म्हणूनच अभ्यासण्यासारखी आहे. एकूण 16 रंग, त्यातले 8 ठळक रंग हलक्या आणि गडद दोन्ही जमिनींवर तेच. नुसत्या नजरेवर न जाता उजळपणाचं अंतर मोजून ते रंग निवडलेले आहेत.

उजळपणातला फरक मोजायचं एक सूत्र वेबसाठी ठरलेलं आहे. शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळं, हे गुणोत्तर 21, त्याच्या वर काही नाही. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान 4.5 असावं असा दंडक आहे. आता मोनोकाई घ्या. विमर हाझेनबर्ग या डच डिझायनरने 2006 मध्ये केलेली ही थीम आमच्या पोरांची भारी लाडकी. तिच्यात साध्या अक्षरांचं गुणोत्तर जवळपास 14 येतं, झकास. टिपण्यांचा राखाडी रंग मात्र 3 च्या आसपासच रेंगाळतो. तरबेज प्रोग्रामरला टिपणी म्हणजे अडगळ वाटते, ती मागे सरकलेलीच बरी. पण माझ्या नमुन्यात समजावून सांगणारं सगळं मराठी त्या टिपण्यांतच आहे! जे पहिल्यांदा वाचायला हवं तेच सगळ्यात मिणमिणतं. एवढा एक नियम मी बदलला, टिपणीला फिकट पिवळा रंग दिला. मूळ थीमच्या भक्तांनी नाकं मुरडली, मुरडू देत.

वरची चौकट पांढरी ठेवण्यामागे प्रोजेक्टरही आहे. प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही. काळं म्हणजे तिथे प्रकाश न टाकणं, म्हणजे भिंत जशी असेल तशी. खिडकीतून उजेड येत असला की ती भिंत राखाडी दिसते आणि गडद थीमवरची अक्षरं तिच्यात विरघळतात. पांढऱ्या जमिनीवरचा मजकूर त्यामानाने तग धरतो. डोळ्यांचं गणितही पांढऱ्याच्याच बाजूने आहे. उजेड जास्त असला की बाहुली आकसते आणि बारीक भोकातून दिसणारं चित्र अधिक रेखीव असतं. अंधाऱ्या जमिनीसमोर बाहुली पसरते. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असलेल्या काहींना काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात ती त्यामुळे. गडद थीम डोळ्यांना बरी, असं सरसकट सांगणाऱ्यांवर मी म्हणूनच फारसा विश्वास ठेवत नाही. पावसाळ्यात ढग दाटून आले आणि खोलीत अंधारलं की मात्र तीच पांढरी चौकट तोंडावर टॉर्च मारल्यासारखी बोचते. मग वरची थीम एका बटणाने मंद करायची सोयही ठेवावी लागली.

एका पानावर दोनपेक्षा जास्त थीम नांदवू नयेत असं माझं मत आहे. थीमचं दुकान मांडायचं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी नजर पांढऱ्यावरून काळ्यावर आणि काळ्यावरून पांढऱ्यावर सारखी उडी मारत राहिली की थकते. आमच्या पानावरही दोन्ही चौकटींच्या मध्ये आता राखाडी पट्टा आहे, तेवढाच नजरेला उंबरठा.

नवीन बॅच सुरू होऊन महिना झाला. अजून कुणी माझ्या नमुन्यात टाइप करायला गेलेलं नाही. ‘कीबोर्ड बंद पडलाय’ ही तक्रार मात्र परवा पुन्हा आली. मी ऐटीत जाऊन सांगितलं, अरे बाबा, काळ्या चौकटीत टाइप कर. तो काळ्याच चौकटीत टाइप करत होता. कीबोर्ड खरोखरच बंद पडला होता.