विद्यार्थी चळवळींचा माहितीपट : सातारा-सांगली

गतकाळातील विद्यार्थी आंदोलनांचा मागोवा मुलाखती, छायाचित्रे, सरकारी कागदपत्रे आणि घटनास्थळांच्या चित्रणातून घेणारा चित्रपटप्रकार. सातारा-सांगली भागात त्याला सर्वांत मोठा विषय पुरवला तो १९३० ते १९४६ या काळाने. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणूनच साताऱ्याच्या प्रतिसरकारावर (नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी राजवटीला समांतर चाललेल्या सरकारावर) चित्रीकरण करायचे तर कॅमेरा बराच काळ येडेमच्छिंद्र, वाळवा, कुंडल अशा आज सांगलीत मोडणाऱ्या गावांतच न्यावा लागतो.

'विद्यार्थी' म्हटल्यावर कॉलेजचा कट्टा डोळ्यांपुढे आणला, तर इथली गोष्ट हुकते. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे, पण साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते १९४७ मध्ये. तोवर चळवळीत उतरलेली शिकती पोरे होती ती हायस्कुलांतली आणि बोर्डिंगांतली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकणाऱ्या यशवंतराव चव्हाणांना २६ जानेवारी १९३२ च्या ध्वजवंदनाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वय अठरा. मॅट्रिक ते झाले १९३४ मध्ये, म्हणजे तुरुंग आधी आणि मॅट्रिक नंतर.

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कऱ्हाड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावात कचेरीवर तिरंगा चढला. वडूज (९ सप्टेंबर) आणि इस्लामपूर (१० सप्टेंबर) इथे गोळीबार झाला. इस्लामपुरात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंता उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे हुतात्मा झाले. यानंतर चळवळ भूमिगत झाली.

माहितीपटकाराची खरी अडचण इथून सुरू होते. भूमिगत माणूस आपला फोटो मागे ठेवत नाही. नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील माणसे पडद्यावर भेटतात ती ऐंशी-नव्वदीची, काठी टेकत आलेली. आणि प्रेक्षक नकळत त्यांना तेव्हाही पोक्तच समजतो. वस्तुतः जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि तुफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचे, कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) हे तिघेही १९२२ चे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, तेव्हा कॅप्टन भाऊंना एकविसावेही पुरे नव्हते. नाना पाटील मात्र चाळिशी ओलांडलेले. एवढी वये पडद्यावर अक्षरांत दिली, तरी निवेदनातला बराच पाल्हाळ टळतो.

जागाही जशाच्या तशा राहिलेल्या नाहीत. शेणोलीला रुळांजवळ छोटे स्मारक आहे, पण आजचे रूळ ते नव्हेत: पुणे-मिरज मार्ग तेव्हा मीटरगेज होता, ब्रॉडगेज झाला १९७० च्या सुमारास. धडधडत जाणारी आजची गाडी दाखवून त्यावर १९४३ चे निवेदन चढवण्याची सवय म्हणूनच खटकते. कुंडलही तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हते, औंध संस्थानात होते. खालसा (इंग्रजी) आणि संस्थानी हद्दी इथे शेजारी-शेजारी आणि इतक्या गुंतलेल्या होत्या, की पोलिसांना गुंगारा देणे सोपे जाई. ही गोष्ट नकाशाशिवाय कळत नाही आणि मुलाखतीत कोणी आपणहून सांगतही नाही. सांगलीचा गणेशदुर्ग किल्ला त्या मानाने सोयीचा. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी तिथल्या तुरुंगातून तटावरून खंदकात उड्या टाकल्या. अण्णासाहेब पत्रावळे त्यात गोळी लागून गेले, दादा जखमी होऊन पकडले गेले.

स्त्रिया या चित्रणात उशिरा आल्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई (जन्म १९२६) वयाने विद्यार्थिनीच म्हणाव्यात. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारे पळवायची होती, म्हणून ठाण्यासमोर त्यांना मारहाण होत असल्याचा बनाव रचला गेला. मार मात्र खराखुरा बसला. शिपाई भांडण सोडवायला बाहेर आले आणि सोबत्यांनी आत हात मारला. म्हातारपणी हा प्रसंग त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितला आहे.

नाना पाटील १९७६ मध्ये वारले. बापू लाड २०११ मध्ये, नागनाथअण्णा २०१२ मध्ये, हौसाताई २०२१ मध्ये आणि कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. यापुढच्या माहितीपटाला त्यांच्या आधीच्या ध्वनिमुद्रणांवर आणि चित्रफितींवरच काम करावे लागते.