एसीचा पाइप गळतोय? गॅस मारून आणू नका, तशीच गाडी आणा

इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅनचे मालक, सुपरव्हायझर आणि ड्रायव्हर मंडळींसाठी माहितीपत्रक

मार्च लागला की आमच्या भांडुपच्या वर्कशॉपमध्ये एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. "एसीचा पाइप लीक आहे. परवाच गॅस मारला होता, तोही उडाला. आता पाइपच बदला, संध्याकाळी गाडी लागेल." यातला पाइप बदलायचा भाग सोपा आहे. वेळ आणि पैसा जातो तो "परवाच गॅस मारला होता" या भागात. म्हणून हे पत्रक छापले आहे. पुढचे सगळे वाचायला वेळ नसेल तर वरचा मथळा तेवढा ड्रायव्हरला वाचून दाखवा.

गॅस मारला तर बिघडते काय?

डिझेल किंवा सीएनजी टेम्पोत एसीचा कंप्रेसर पट्ट्यावर फिरतो. विजेशी त्याचा संबंध क्लचच्या कॉइलपुरता, तोही १२ व्होल्टचा आणि बाहेरच्या बाहेर. अशा गाडीत रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने गॅस भरताना थोडे जास्तीचे ऑइल टाकले, तरी फारसे काही होत नाही. आपल्याकडचे बहुतेक मेकॅनिक याच गाड्यांवर शिकले, आणि त्या कामात त्यांचा हात चांगला बसलेला आहे.

इलेक्ट्रिक व्हॅनमध्ये पट्टाच नसतो. कंप्रेसरला फिरवणारी मोटर कंप्रेसरच्या पोटातच बसवलेली असते आणि तिला वीज थेट मोठ्या बॅटरीतून येते. बऱ्याच गाड्यांत ही वीज ३०० व्होल्टच्या वर असते. मोटरचे तांब्याचे वाइंडिंग गॅस आणि ऑइलमध्येच भिजत असते. त्यामुळे इथले ऑइल नुसते वंगण नाही, वीज गाडीच्या बॉडीत उतरू न देण्याचे कामही त्याच्याकडे आहे.

साध्या गाड्यांत चालते ते पीएजी ऑइल. गॅरेजमध्ये त्याला पॅग म्हणतात. इलेक्ट्रिक कंप्रेसरला गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेले ऑइलच लागते आणि ते बहुतेक वेळा पीओई असते. पॅग विजेला हवे तसे अडवत नाही. आणि ते आत जायला कोणी बाटली ओतायचीही गरज नसते. गॅरेजवाल्याच्या मशीनच्या नळ्यांत आदल्या गाडीचे पॅग राहिलेले असते, ते गॅसबरोबर तुमच्या गाडीत जाते. कधी गॅसच्या छोट्या डब्यातच ऑइल, रंग आणि गळती बुजवायचे लीक-स्टॉप मिसळून आलेले असते. लोणच्याच्या बरणीत एक ओला चमचा गेला की पुरे, तसा हा प्रकार आहे.

फसगत होते ती यात, की गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही. गॅस मारल्यावर केबिन गार होते, ड्रायव्हर खूश, मालक खूश. ऑइल फिरत फिरत वाइंडिंगपर्यंत पोचते आणि मग कधीतरी सकाळी भिवंडीच्या गोदामात माल भरून तयार असलेली गाडी 'रेडी' दाखवतच नाही. इन्सुलेशनचा, म्हणजे वीज बॉडीत उतरू लागल्याचा, इशारा येतो. या गाड्या आपले इन्सुलेशन स्वतः तपासत असतात. एआयएस-०३८ या भारतीय मानकात डीसी बाजूला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम इन्सुलेशन असले पाहिजे असे म्हटले आहे, आणि रीडिंग कंपनीने ठरवलेल्या मर्यादेखाली गेले की गाडी हाय व्होल्टेज जोडूच देत नाही. ड्रायव्हरला वाटते बॅटरी गेली. मालकाला वाटते चार्जरने घोटाळा केला. मधल्या दिवसांत मारलेला गॅस कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

अशी गाडी आमच्याकडे येते तेव्हा नुसता पाइप बदलून भागत नाही. वाइंडिंगमध्ये मुरलेले ऑइल धुऊन निघत नाही. कंडेन्सरच्या बारीक नळ्यांतूनही ते पूर्ण काढता येत नाही. बहुतेक वेळा कंप्रेसर बदलावा लागतो, आणि त्या बिलापुढे पाइपचे बिल चिल्लर वाटते. गाडी किती दिवस उभी राहील तेही मग पार्ट कधी येतो त्यावर.

तरीही कोणी गॅस मारलाच असेल, तर गाडी देताना सांगा. कोणी मारला ते आम्ही विचारत नाही. काय मारले, डबा कोणता होता, लीक-स्टॉप होते का, एवढेच हवे. डब्याचा फोटो असेल तर उत्तम. लीक-स्टॉप ओलाव्याशी गाठ पडली की घट्ट होते आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हबरोबर आमचे गॅस काढायचे मशीनही बंद पाडू शकते. म्हणून आलेल्या प्रत्येक गाडीचा गॅस आम्ही आधी ओळख-यंत्रावर तपासतो. त्यात भलताच गॅस निघाला, तर तो आमच्या टाकीत घेत नाही, वेगळ्या सिलिंडरमध्ये काढतो. हा वेळ बिलात दिसतो आणि त्यावरून कधीकधी वाद होतो. पण तो गॅस आम्ही टाकीत घेतला, तर तुमच्यानंतर येणाऱ्याच्या गाडीत तो जाणार, आणि उद्या तुम्हीही कोणाच्या तरी नंतर येणार.

"शेजारचा दोन तासांत करतो, तुम्हाला दीड दिवस कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे. गाडी उभी राहिली की हप्ता थांबत नाही, हे आम्हालाही कळते. तो वेळ कुठे जातो ते सांगतो.

आधी गाडी विजेच्या दृष्टीने मेलेली करावी लागते. मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचे, कारण कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो, आणि मग १००० व्होल्टचे ग्लोव्ह्ज घालून मीटरने शून्य बघायचे. डीसी ६० व्होल्टच्या वर धोका धरला जातो, आणि आपण त्याच्या कितीतरी वर असतो. आमचा मुलगा मीटर लावल्याशिवाय कंप्रेसरजवळच्या एकाही नटाला हात लावत नाही. तुम्ही समोर उभे राहून घाई केलीत तरी लावणार नाही, राग मानू नका.

मग गॅस काढायचा. तो हवेत सोडत नाही. एसीत भरला जाणारा आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. असे गॅस जगभर कमी करत नेण्याच्या कराराला, म्हणजे किगाली दुरुस्तीला, भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, त्यामुळे हे गॅस पुढे कमी होत जाणार. तुमच्या गाडीतला गॅस शुद्ध असेल तर तो साफ करून तुमच्याच गाडीत परत भरतो आणि नव्या गॅसचे तेवढे पैसे वाचतात.

पाइप बसवायला खरोखरच फार वेळ लागत नाही. जुन्या ओ-रिंग पुन्हा वापरत नाही, नव्या त्याच ऑइलमध्ये बुडवून लावतो. नट टॉर्क पान्याने आवळतो, कारण ॲल्युमिनियमचे आटे अंदाजाने आवळले की मरतात. उघडी तोंडे लगेच टोपणाने बंद करतो. आतला ओलावा शोषणारा ड्रायर बदलतो.

नंतर येते ते वेळखाऊ काम. कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघणे, मग व्हॅक्यूम, मग पंप बंद करून काटा हलतो का बघत बसणे. मुंबईत हे टाळता येत नाही. जुलैत इथल्या हवेत पाणीच पाणी असते आणि पीओई ऑइल ते पाणी ओढून घेते. नळीतले सुटे पाणी व्हॅक्यूममध्ये उकळून निघून जाते, कारण दाब पुरेसा उतरला की पाणी ३० अंशालाही उकळते. ऑइलमध्ये मुरलेले पाणी मात्र तसे सहज निघत नाही, आणि पुढे त्यातून आम्ल तयार होऊन आतले भाग खाते. म्हणून आम्ही प्रत्येक गाडीला ऑइलचा नवा सीलबंद डबा फोडतो. "अर्धाच वापरला, मग पूर्ण डब्याचे पैसे का?" असे बऱ्याच जणांनी विचारले आहे. उरलेला डबा दुसऱ्या इलेक्ट्रिक गाडीत वापरण्याजोगा राहत नाही, म्हणून. डबा तुमच्या ड्रायव्हरसमोर फोडतो, हवा तर त्याचा फोटो काढून घ्या.

शेवटी गॅस वजनावर भरायचा, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतका. "गेज तर बरोबर दाखवत होते," असे ग्राहक सांगतात. गाडी बंद असताना, ३० अंश तापमानाला आर-१३४ए गेजवर ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास दिसतो. आत थोडासा जरी द्रव उरला असेल तरी आकडा तोच. त्यावरून गॅस २०० ग्रॅम आहे की ५००, हे कोणालाच कळणार नाही. भरून झाल्यावर इन्सुलेशनचे रीडिंग घेतो आणि ते बिलावर लिहून देतो. पुढे कधी इशारा आलाच, तर आमच्याकडून गाडी गेली तेव्हा काय होते ते तुमच्या हातात राहते.

पाइप मुळात फुटतो कुठे?

बहुतेक वेळा प्रेस केलेल्या टोकाशी, म्हणजे रबर ॲल्युमिनियमला जोडलेले असते तिथे. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमला पांढरी बुरशी धरल्यासारखे होते आणि गॅस बारीक बारीक सुटू लागतो. दुसरी जागा म्हणजे पाइपची क्लिप तुटून तो ब्रॅकेटला घासतो ती. खड्ड्यांतून रोज फिरणाऱ्या गाडीत हे होणारच. उंदीरही पाइप कुरतडतात, विशेषतः धान्य आणि बेकरीचा माल वाहणाऱ्या गाड्यांत.

ड्रायव्हरला एवढे शिकवून ठेवा. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाइपच्या टोकांकडे बघायचे. गॅसबरोबर ऑइलही बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते. टोकाभोवती बोटभर रुंदीचा काळा, तेलकट पट्टा दिसला, की तिथेच गळती आहे. घासलेल्या जागी रबर आधी चकाकते आणि मग आतले धागे दिसू लागतात. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला मात्र हात लावायचा नाही. एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी टपकते ती गळती नव्हे, ते कूलिंग कॉइलवर जमलेले पाणी.

आणखी एक खूण आहे, ती सहसा कोणी पाइपशी जोडत नाही. बऱ्याच व्हॅनमध्ये केबिन गार करणारा गॅसच बॅटरीलाही गार करतो. गॅस कमी झाला की उन्हात फास्ट चार्जिंग मंदावते. ड्रायव्हर चार्जिंग स्टेशन बदलून बघतो, दुपारची फेरी चुकते, आणि दोष मात्र पाइपच्या टोकाशी असतो.

"पाइप आम्ही बाजारातून आणला तर?"

आणा, बसवून देऊ. फक्त आतून नायलॉनचे अस्तर असलेला बॅरियर होजच हवा आणि टोके मशीनवर प्रेस केलेली हवीत. उन्हाळ्यात चालू गाडीत गरम बाजूचा दाब २०० पीएसआयच्या वर जातो. मधला फाटका तुकडा कापून नळी घालायची आणि दोन क्लॅम्प आवळायचे, हा जुगाड तिथे टिकत नाही. तसा जोड आम्ही लावणार नाही. कोणी लावून आणला असेल तर आधी तो काढू. गाडीच्या कंपनीचा पाइप लगेच मिळत नसेल, तर जुना पाइप नमुना म्हणून घेऊन तशाच मापाचा, तशाच वळणाचा आम्ही बनवून देतो. आमच्या पाइपवर आणि जोडांवर सहा महिन्यांची हमी आहे. तुम्ही आणलेल्या पाइपवर फक्त आमच्या जोडांची.

गळती दिसल्यावर काय करायचे?

एसी बंद करा. शक्य तोवर फास्ट चार्जर टाळून साध्या चार्जरवर लावा. बॅटरी गरम झाल्याचा इशारा आला तर गाडी बाजूला घेऊन थांबा. फुटलेल्या टोकाला उघड्या हाताने हात लावू नका, सुटणाऱ्या गॅसने कातडी गोठते. मग बॉनेटखालच्या एसी स्टिकरचा आणि तेलकट जागेचा, असे दोन फोटो पाठवा. त्यावरून गॅस कोणता, पाइप कोणता हे आम्हाला आधीच कळते. बहुतेक वेळा गाडी दारात यायच्या आत पाइप तयार असतो आणि खर्चाचा अंदाज तुमच्याकडे पोचलेला असतो. सकाळी नऊच्या आत आणलेली, कोणी हात न लावलेली गाडी सहसा दुसऱ्या दिवशी दुपारी परत मिळते.

पाच किंवा जास्त गाड्या असलेल्यांसाठी मे महिन्यात, पावसाच्या आधी, आम्ही तुमच्या पार्किंगवर येऊन सगळ्या गाड्यांचे पाइप, क्लिपा आणि गॅसची गळती तपासतो. गाड्या रात्रीच उभ्या असतात, म्हणून रात्री येतो. घासू लागलेला पाइप तेव्हा सापडला, तर नवी क्लिप आणि रबराची पट्टी लावून भागते, गॅसला हात लावावा लागत नाही. या तपासणीच्या तारखा एप्रिलमध्येच भरतात, तेव्हा गाड्यांची यादी आणि पार्किंगचा पत्ता मार्चअखेर पाठवून ठेवा.