नर्सिंगच्या प्राध्यापकांना संशोधनात रस नसतो?

हा समज जुना आहे, आणि चुकीचा. क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंची आकडेवारी फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये आलेखांतून मांडली होती. ‘नर्सिंग रिसर्च’ हे नियतकालिक १९५२ पासून निघतंय.

घोडं अडतं ते वेळेपाशी. वर्ग संपला की वॉर्ड. विद्यार्थी रुग्णाला इंजेक्शन देत असताना शिक्षकाला शेजारी उभं राहावंच लागतं. तिथे लॅपटॉप उघडून शोधनिबंध लिहिता येत नाही. शिवाय अनेकजण आधी रुग्णसेवेत असतात, त्यामुळे पीएचडी उशिरा होते. निधी हवाच. पण अनुभवी मार्गदर्शक, सोबत लिहिणारे सहकारी आणि संशोधनासाठी राखलेले तास नसतील, तर नुसता निधी पडून राहतो. बढतीच्या वेळी मात्र निबंधच मोजतात, वॉर्डातले तास क्वचितच!