राजापूरचे खासदार, राजापूरचे आमदार: एका नावाचे दोन मतदारसंघ

बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार होते. त्यांचा जन्म मात्र वेंगुर्ल्याचा. मधू दंडवते तर मूळचे अहमदनगरचे, तेही वीस वर्षं राजापूरचेच खासदार. नव्या पिढीच्या वाचकाला वाटतं, ही माणसं राजापूर तालुक्यातून निवडून येत असणार, म्हणजे आज जिथून आमदार निवडून येतो तिथूनच. हा घोटाळा इतका सर्रास होतो की दोन्ही राजापुरं एकदा शेजारी ठेवून बघायलाच हवीत.

आजचा राजापूर हा विधानसभेचा मतदारसंघ, क्रमांक २६७. राजापूर, लांजा आणि भोवतालचा मुलूख त्यात येतो. इथून एक आमदार मुंबईला जातो, विधानसभेच्या २८८ पैकी एक. गंगातीर्थ, जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, बारसूचा सडा ही सगळी नावं या राजापुरातली. त्याच्याबद्दल वेगळं सांगायची फारशी गरज नाही, कारण तो आजही आहे आणि बातम्यांतही असतो.

दुसरा राजापूर लोकसभेचा होता. तो २००८ साली संपला. कोकणाच्या राजकीय इतिहासात मोठी जागा मात्र त्याचीच आहे.

१९५२च्या पहिल्या निवडणुकीत हे नाव नव्हतं. तेव्हा रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण अशा दोन जागा होत्या. राजापूर हे नाव आलं १९५७ला, आणि पहिल्याच लढतीत प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले. १९६२ आणि १९६७लाही तेच. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर मूलभूत हक्कांसह घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार शाबूत राहावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडलं. देशभर त्यावर वाद झडला, आणि तो सुरू करणारा खासदार रस्ते आणि पूल यांच्यासाठी झुरणाऱ्या एका ग्रामीण मतदारसंघाचा होता. मला याचा आजही अभिमान वाटतो. १९७१ची निवडणूक तोंडावर असताना, १८ जानेवारीला, बेळगावात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

त्यांच्या जागी दंडवते उभे राहिले आणि १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९ असे सलग पाच वेळा जिंकले. १९८४च्या काँग्रेस लाटेतही या मतदारसंघाने त्यांना सोडलं नाही. जनता सरकारात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम बसवायला सुरुवात केली. पुढे १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. १९९१ला काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. १९९६पासून २००४पर्यंत शिवसेनेचे सुरेश प्रभू चार वेळा.

या राजापुराचा पसारा केवढा होता? मालवण, देवगड, वेंगुर्ला, सावंतवाडी या विधानसभेच्या जागा त्यात होत्या. विधानसभेचा राजापूर हाही त्यातलाच एक तुकडा. गोंधळाचं मूळ इथेच आहे: संपूर्ण मतदारसंघाला आणि त्यातल्या एका भागाला एकच नाव. त्यात १ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि राजापूर शहर रत्नागिरी जिल्ह्यातच राहिलं. म्हणजे सावंतवाडीचा माणूस पंचवीसेक वर्षं दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावाच्या नावाने खासदार निवडत होता.

मग तो का गेला? लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ जागा कायम राहिल्या, पण न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने २००१च्या जनगणनेवरून आतल्या सीमा नव्याने आखल्या. आणि कोकणातली माणसं कुठे होती? मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत. २००१ला रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. घरटी एखादा चाकरमानी बाहेर, असा त्याचा साधा अर्थ. तळकोकणातली डोकी कमी भरली. तिकडे ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू या दोन जागांच्या पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे अशा चार झाल्या. कोकणातली माणसं पोटासाठी जिकडे गेली, तिकडेच जागाही वाढल्या. २०११च्या जनगणनेत तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी भरली.

राजापूर आणि रत्नागिरी हे लोकसभेचे दोन्ही मतदारसंघ मोडले. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. विधानसभेच्या यादीतूनही मालवण, देवगड, वेंगुर्ला ही नावं पुसली गेली. त्यांच्या जागी कणकवली आणि कुडाळ आले, सावंतवाडी राहिलं. राजापूरचं नाव विधानसभेपुरतं टिकलं. हे मला फार लागतं: जुन्या यादीत महाराष्ट्राचा लोकसभा मतदारसंघ क्रमांक १ राजापूर होता. आता मोजणी नंदुरबारपासून सुरू होते आणि आपला मुलूख ४६वर आहे.

जुनी कात्रणं वाचताना एवढं बघा. ‘राजापूरचे खासदार’ असं लिहिलं असेल, तर तो मजकूर १९५७ ते २००९ (शेवटच्या खासदाराची मुदत तेव्हा संपली) या काळातलाच असणार आणि त्यात पार सावंतवाडीपर्यंतचा मुलूख येतो. ‘राजापूरचे आमदार’ असेल, तर विषय राजापूर तालुक्याच्या आसपासचा. सुरेश प्रभू २००९ला पुन्हा उभे राहिले आणि नीलेश राणे यांच्याकडून हरले, तेव्हा मतदारसंघाचं नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालेलं होतं. नाथ पैंच्या वेंगुर्ल्यातला मतदार आता खासदारासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोजला जातो आणि आमदारासाठी सावंतवाडीत.