जड धातूंचा नित्य संपर्क आणि आरोग्य

शिसे, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक यांचा बारीकसा अंश हवा, पाणी, अन्न व धूळ यांतून वर्षानुवर्षे शरीरात जात राहिल्याने आरोग्याला होणारे अपाय. आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातू नाही, धातुसदृश मूलद्रव्य आहे. पण त्याची विषबाधा याच गटात धरली जाते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत चिंताजनक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ज्या दहा रसायनांची यादी केली आहे, तीत ही चारही आहेत. लोह, जस्त, तांबे यांची शरीराला ठरावीक मात्रेत गरज असते. या चौघांचे माणसाच्या शरीरात काम असे काहीच नाही.

मोठ्या मात्रेतली विषबाधा लपत नाही. उलट्या होतात, पोटात कळा येतात, झटके येतात आणि माणूस दवाखान्यात पोहोचतो. रोजच्या संपर्काचे तसे नसते. थकवा, चिडचीड, बद्धकोष्ठ, वाढलेला रक्तदाब, अभ्यासात मागे पडणारे मूल अशी त्याची लक्षणे शंभर कारणांनी होऊ शकतात, आणि पुष्कळदा एकही लक्षण दिसत नाही. त्रास होत नाही म्हणजे अपाय नाही, ही समजूत या विषयात सर्वांत महागात पडते.

धातू हे मूलद्रव्य असल्याने यकृताला त्याचे तुकडे करता येत नाहीत. ते बाहेर टाकायचे किंवा कुठेतरी साठवायचे, एवढेच शरीराच्या हाती असते. शिवाय हे धातू गरजेच्या द्रव्यांच्या वेषात आत शिरतात. शिसे कॅल्शियमच्या वाटेने हाडांत आणि मेंदूतल्या चेतापेशींत जाते, कॅडमियम जस्ताची जागा घेते. मिथिल पारा (पाऱ्याचे एक सेंद्रिय संयुग) सिस्टीन या ॲमिनो आम्लाशी जोडला गेला की मेथिओनिन या दुसऱ्या ॲमिनो आम्लासारखा भासतो आणि मेंदूत सहज प्रवेश मिळवतो. पारा व आर्सेनिक प्रथिनांमधील गंधकयुक्त गटांना घट्ट चिकटतात, त्यामुळे अनेक एन्झाइमे निकामी होतात. मुक्कामाचा काळ प्रत्येकाचा वेगळा. आर्सेनिकचा बराचसा भाग काही दिवसांत लघवीवाटे निघून जातो. मिथिल पारा निम्मा व्हायला दीड-दोन महिने लागतात. रक्तातले शिसे सुमारे महिनाभरात निम्मे होते, पण हाडांत गेलेले शिसे दशकानुदशके राहते. मूत्रपिंडातल्या कॅडमियमचा अर्धायुकाल १० ते ३० वर्षे मानला जातो.

शिसे : चौघांत सर्वाधिक लोकांना ग्रासणारा धातू. जुना ऑइलपेंट, पाण्याचे शिशाचे नळ व जोडकामातले डाख, मातीच्या भांड्यांवरची कच्ची झिलई, भेसळीच्या मसाल्यांत रंगासाठी मिसळलेले लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग, बॅटऱ्यांचे भंगार अशा अनेक वाटांनी ते घरात येते. यांतली रंगाची वाट नीट पाहण्यासारखी आहे. खिडकी रोज उघडते, मिटते. चौकटीवर चौकट घासते आणि जुन्या रंगाची भुकटी खिडकीच्या कट्ट्यावर व खालच्या जमिनीवर पडते. डोळ्यांना ती साधी धूळच दिसते. रांगणारे मूल तिथे हात टेकवते आणि तोच हात तोंडात घालते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच लहान मुलांच्या शिसेबाधेचे कारण म्हणून घरांच्या रंगवलेल्या कठड्यांकडे आणि भिंतींकडे बोट दाखवले होते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी यायला मात्र १९७८ उजाडले.

मुलांचे शरीर शिसे अधिक ओढून घेते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस साधारण दहावा हिस्सा शोषतो, तर लहान मूल निम्म्यापर्यंत. लोह किंवा कॅल्शियम कमी पडत असेल तर शोषण आणखी वाढते, म्हणून कुपोषित मुलाला दुहेरी फटका बसतो. मेंदूची जडणघडण चालू असताना झालेली इजा भरून येत नाही. मॅसॅच्युसेट्समधील शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजून बालमानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की एकही बाह्य लक्षण नसलेल्या मुलांतही जास्त शिसे असलेल्यांचा बुद्ध्यंक कमी होता आणि वर्गात त्यांचे लक्ष लागत नव्हते. पुढे सात पाहण्यांतील १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये झालेल्या विश्लेषणातून याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. रक्तातले शिसे डेसिलिटरमागे २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर गेले तर बुद्ध्यंक सरासरी ३.९ गुणांनी घटतो; १० वरून २० वर जाताना त्यात फक्त १.९ गुणांची भर पडते. म्हणजे तुलनेने सर्वाधिक नुकसान सर्वांत कमी मात्रेतच होऊन जाते. शिशाची सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते ते यामुळेच. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाची दखलपात्र पातळी १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ मायक्रोग्रॅम अशी खाली आणली गेली. या आकड्याच्या आत असणे म्हणजे निर्धोक असणे, असा त्याचा अर्थ नाही.

प्रौढांमध्ये शिशामुळे रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो, मूत्रपिंडे क्षीण होतात, हिमोग्लोबिन तयार करणारी एन्झाइमे अडून रक्तक्षय होतो. प्रौढांच्या अंगातल्या शिशापैकी ९० टक्क्यांहून अधिक हाडांत असते. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यानंतर हाडांची झीज वाढली की ते पुन्हा रक्तात उतरते. मुलगी असताना अंगात साठलेले शिसे अशा रीतीने पुढे तिच्या बाळापर्यंत पोहोचू शकते.

पारा : याच्या रूपांत फरक केल्याशिवाय धोका कळत नाही. थर्मामीटरमधला पारा गिळला गेला तर जवळपास तसाच बाहेर पडतो. पण त्याची वाफ श्वासात गेली तर सुमारे ८० टक्के शोषली जाते. म्हणून फुटलेल्या थर्मामीटरचे थेंब झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करू नयेत, त्याने वाफ पसरते. खिडक्या उघडून, मुलांना बाहेर काढून, जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र करावेत आणि झाकणाच्या बाटलीत बंद करावेत. त्वचा उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार असतात. त्यांनी मूत्रपिंडे बिघडतात, आणि क्रीम लावणाऱ्या व्यक्तीच्या घरातली मुलेही त्यातून सुटत नाहीत.

सर्वांत घातक घरगुती रूप म्हणजे माशांतून येणारा मिथिल पारा. पाण्यातले जीवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि लहान माशाला मोठा मासा खातो तशी त्याची मात्रा चढत जाते. शार्क, स्वोर्डफिश अशा शिकारी माशांत ती सर्वाधिक असते. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीने ॲसिटाल्डिहाइडच्या उत्पादनातले मिथिल पारायुक्त सांडपाणी खाडीत सोडले. तिथली मांजरे झटके येऊन मरू लागली, मग कोळ्यांच्या घरांतली माणसे अडखळू लागली, त्यांची नजर आकसली, बोलणे फाटले. १ मे १९५६ रोजी रोगाची अधिकृत नोंद झाली, तरी त्या प्रक्रियेतले सांडपाणी १९६८ पर्यंत वाहतच होते. गर्भाला पोसणारी वार (प्लासेंटा) त्याचे विषापासून रक्षण करते, असे तेव्हाचे वैद्यक मानत असे. पण स्वतःला जेमतेम त्रास असलेल्या आयांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मली. जपानी कुटुंबांत बाळाची वाळवलेली नाळ जपून ठेवतात. पुढे त्या नाळा तपासल्या तेव्हा त्यांत मिथिल पारा सापडला. पाऱ्याचा वापर आवरणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला, तो मिनामाता करार म्हणूनच ओळखला जातो.

कॅडमियम : तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत साठवते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या अंगात ते न करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळते. धूम्रपान न करणाऱ्यांना ते मुख्यतः धान्य व भाज्यांतून मिळते. आधी मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिका बिघडतात, लघवीतून प्रथिने व कॅल्शियम जाऊ लागते आणि हाडे ठिसूळ होतात. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यावर भातशेती झाली. तिथल्या वयस्क, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांची हाडे साध्या खोकल्यानेही मोडत. इताई-इताई नावाच्या या रोगाला १९६८ मध्ये जपान सरकारने प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली.

आर्सेनिक : याचा बराचसा धोका कारखान्यातून नव्हे, जमिनीच्या पोटातून येतो. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून अतिसाराचे जंतू टाळण्यासाठी लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी स्वच्छ, थंड, चवीला चांगले होते. त्यातले आर्सेनिक कोणी तपासले नव्हते. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये पहिले रुग्ण ओळखले. छातीवर व पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे गडद-फिके ठिपके, तळहात व तळपायांना दाण्यादाण्यांची राठ कातडी अशी त्याची खूण असते. पुढे त्वचेचा, फुप्फुसाचा व मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. एका अंगणातली कूपनलिका विषारी आणि शेजारची निर्धोक असेही घडते, म्हणून तपासणीनंतर पंपांना लाल व हिरवा रंग देण्यात आला. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. पाणी आटल्याने उलट ते दाट होते. पाण्यात वाढणारे भाताचे पीकही आर्सेनिक ओढते; तांदूळ जास्त पाण्यात शिजवून ते ओतून दिल्यास त्याचे प्रमाण कमी होते.

निदान व उपचार : शिशासाठी शिरेतून काढलेले रक्त तपासतात. बोट टोचून काढलेल्या थेंबात कातडीवरच्या धुळीतले शिसे मिसळू शकते, म्हणून तो निष्कर्ष पक्का धरत नाहीत. आर्सेनिकसाठी लघवीची तपासणी करतात आणि त्याआधी काही दिवस समुद्री मासळी वर्ज्य करायला सांगतात, कारण मासळीतले निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिक एकूण आकडा फुगवते. केसांवरून सगळे धातू सांगणाऱ्या जाहिरातबाज चाचण्यांवर भिस्त ठेवू नये. धातू ओढून काढणारे औषध देऊन लगेच लघवी मोजण्याची पद्धतही दिशाभूल करते, कारण औषध दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतो.

उपचारातले पहिले काम म्हणजे उगम शोधून तोडणे. मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे असल्यास कीलेशन, म्हणजे धातू ओढून काढणाऱ्या औषधांचे उपचार देतात आणि गंभीर बाधेत ते जीव वाचवतात. त्याखालच्या पातळीवर त्यांचा उपयोग मर्यादित आहे: ७८० मुलांवर झालेल्या चाचणीत सक्सिमर या औषधाने रक्तातले शिसे उतरले, पण २००१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बौद्धिक चाचण्यांत औषध घेतलेली मुले इतरांपेक्षा सरस नव्हती. शरीर ‘शुद्ध’ करण्यासाठी निरोगी माणसाने हे उपचार घेणे धोक्याचे आहे. कीलेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियमयुक्त ईडीटीए या औषधाऐवजी नामसाधर्म्याचे डायसोडियम ईडीटीए दिले गेल्याने रक्तातले कॅल्शियम कोसळून मुले दगावली आहेत.

प्रतिबंध : घरात करण्याजोगे बरेच आहे. जुना रंग कोरडा घासू किंवा जाळू नये, धूळ ओल्या फडक्याने पुसावी, मुलांचे हात जेवणाआधी धुवावेत. नळ शिशाचे असल्यास सकाळचे पहिले पाणी वाहू द्यावे आणि स्वयंपाकाला गरम नळाचे पाणी घेऊ नये, कारण गरम पाण्यात शिसे अधिक विरघळते. बॅटरी, डाखकाम किंवा रंगकाम करणाऱ्यांनी कामाचे कपडे घरी आणू नयेत. आहारात पुरेसे लोह व कॅल्शियम असावे. तरीही मोठा फरक पडला तो कायद्याने. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग १९२० च्या दशकात आले. पृथ्वीचे वय मोजताना प्रयोगशाळेत सर्वत्र शिसे पसरलेले पाहून अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन त्याच्या मागावर गेले आणि माणसांच्या अंगातले शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे, असे त्यांनी १९६५ मध्ये मांडले. पुढे हे पेट्रोल हटत गेले आणि अमेरिकेतल्या लहान मुलांच्या रक्तातले सरासरी शिसे सुमारे १५ मायक्रोग्रॅमवरून एकाच्याही खाली आले. अशा पेट्रोलचा शेवटचा पंप २०२१ मध्ये अल्जीरियात बंद झाला. आज जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक बॅटऱ्यांत जाते आणि त्या फोडून शिसे वितळवण्याचे काम बऱ्याच देशांत उघड्यावर, वस्तीतच चालते. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात अशा कामामुळे १८ मुले मरण पावली. त्यानंतर त्यांच्या आया व भावंडांचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांनाही शिसेबाधा झाल्याचे आढळले.